कुठपर्यंत आलं?

सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या वाशी गाडीच्या लेडीज डब्यात बसायला मिळालं की पहिली दोन मिनिटं पिशव्या वर टाकण्यात आणि दम घेण्यात जातात. गाडी हलली की आमच्या समोरासमोरच्या बाकांवर एक प्रश्न फिरतो, "कुठपर्यंत आलं?" पुस्तक कुठपर्यंत आलं, असं विचारायचं असतं.

रबाळ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी एक जण आहे. कोपरखैरण्याला एका दवाखान्यात नर्स असलेल्या एक ताई आहेत. वाशीला बँकेत जाणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या एक काकू आहेत आणि तुर्भ्याला उतरणारी मी. दिघा गाव, ऐरोलीपासून चढणाऱ्या आणखी दोघी-तिघी जागा मिळेल तशा येऊन टेकतात. प्रत्येकीच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि पुस्तक. पुस्तकाला जाड प्लॅस्टिकचं कव्हर, कारण एकदा एकीच्या डब्यातली आमटी सांडली होती. परवा ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "सासरा घर विकायला निघालाय तिथपर्यंत." काकूंनी लगेच हात वर केला, "बास, पुढचं सांगू नकोस. शनिवारी ते माझ्याकडे येणार आहे." मग रबाळ्यापर्यंत बोलणं झालं ते घर विकणाऱ्या सासऱ्यांबद्दल. पुस्तकातल्याही आणि आमच्या घरांतल्याही.

हे सांगून सुरुवात करते, कारण वाचनसंस्कृतीच्या नावाने आपल्याकडे जे काही चालतं त्यात हा प्रश्न मला फारसा ऐकू येत नाही. वाचन कमी झालं, मुलं वाचत नाहीत, मोबाइलने घात केला, हे आपण व्याख्यानांतून ऐकतो, लेखांतून वाचतो. उपाय दोनच सुचतात. एक, पुस्तकं वाढवा : प्रदर्शनं भरवा, सवलतीत विका, शाळांना पेट्या द्या. दोन, उपदेश करा : वाचलं पाहिजे, वाचाल तर वाचाल. 2015 पासून 15 ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, आपण वाचन प्रेरणा दिन पाळतो. त्या दिवशी शाळेत, कार्यालयात एक तास पुस्तक हातात घेऊन बसवतात. हेतू चांगला आहे. पण त्या तासानंतर शेजारच्याला "तू काय वाचलंस?" असं विचारताना मी फार थोड्यांना पाहिलं आहे. पुस्तकं मिटतात, फोटो निघतो आणि सगळे कामाला लागतात.

माझं म्हणणं असं आहे. वाचन पसरतं ते एका माणसाने दुसऱ्याला, सध्या आपण काय वाचतो आहोत ते खरंखरं सांगितल्याने. आणि हे सांगायला-विचारायला जागा करून देणं ही ग्रंथालयांची, शाळांची आणि आपल्या सोसायट्यांची पुस्तकं पुरवण्याइतकीच, खरं तर त्याहून मोठी, जबाबदारी आहे.

हे मराठीत तर फारच निकडीचं आहे. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी लोक होते. आणि आपल्या पुस्तकाची आवृत्ती वर्षानुवर्षं हजार प्रतींची. त्याही संपायला कित्येक वर्षं लागल्याचं लेखक सांगतात. एवढ्याशा प्रतींच्या पुस्तकाची जाहिरात कोण करणार? वर्तमानपत्रांतली परीक्षणांची पानं आक्रसली, पुस्तकांची दुकानं कमी झाली. उरतं ते एकच साधन, सांगोवांगी. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्याचा मलाही आनंद झाला, पेढे वाटले. पण तो दर्जा पानांवरून डोळ्यांपर्यंत आपोआप चालत येत नाही. त्यासाठी कुणीतरी कुणालातरी "हे घे, वाच" म्हणावं लागतं.

आणि हे आपल्याला नवीन नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली 16 एप्रिल 1853 ला. त्यानंतर 40 वर्षांनी, 1893 मध्ये, याच गावात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. मुंबईचं त्याच्यानंतर, 1898 चं. ठाण्याच्या संग्रहालयामागे वि. ल. भावे होते, जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे, पोथ्या-बखरींच्या मागे हिंडणारे. तेव्हा ग्रंथ विकत घेणं मोजक्यांनाच परवडे. पुस्तक एक, वाचणारे अनेक, या गरजेतून अशी संग्रहालयं निघाली. म्हणजे त्यांच्या मुळाशी देवाणघेवाणच आहे.

दिवाळी अंकांचं बघा. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक प्रथाच पडली. माझ्या पहिल्या नोकरीत दिवाळीनंतर ऑफिसात अंकांचं मंडळ असे. बारा जणांनी बारा वेगवेगळे अंक घ्यायचे, प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाच्या आत बारा नावांची चिठ्ठी डकवायची, वाचून झाला की आपल्या नावापुढे खूण करायची आणि पुढच्याला द्यायचा. एका अंकाच्या पैशांत बारा अंक. पण पैसे वाचण्यापेक्षा त्यात वेगळंच काही घडायचं. माझ्याकडे अंक आला की त्यात कुणीतरी पानाचा कोपरा दुमडलेला असे. कुणी त्या कथेपाशी थांबलं असेल, असं वाटून मी ती कथा आधी वाचायची. मग डबा खाताना विचारायची, "ती विहिरीवरची कथा कुणी वाचली?" हिशेब विभागातले एक मितभाषी काका होते, वर्षभरात कामाखेरीज चार वाक्यं बोलले नसतील. ते म्हणाले, "मी. कोपरा मीच दुमडलाय. आमच्या गावची विहीर तशीच आहे." त्या दिवशी ते विहिरीबद्दल, गावाबद्दल, धाकट्या भावाबद्दल जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलले. डबा तसाच राहिला होता. ही गोष्ट 25 वर्षांपूर्वीची, पण त्या चिठ्ठीवरची त्यांची हिरव्या शाईची बारीक खूण मला अजून दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे, 'सध्या' या शब्दाकडे येते. संपवलेल्या पुस्तकाबद्दल आपण निकाल देतो. छान आहे, जमलं नाही, वाचायलाच हवं. त्यावर समोरच्याने काय बोलावं? मान डोलावून तो विषय संपतो. अर्ध्यात असलेल्या पुस्तकाबद्दल मात्र निकाल देता येत नाही. तिथे आपण अडलेले असतो, उत्सुक असतो, कंटाळलेले असतो, कुणावर तरी चिडलेले असतो. "अजून तरी मला ही बाई पटलेली नाही" असं कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याला त्यात शिरायला वाव असतो. तो विचारू शकतो, का नाही पटली? दोघांनाही शेवट माहीत नसतो आणि म्हणून कुणी कुणाला शिकवायला जात नाही. पुस्तक सुचवण्यातली जी वरची पायरी असते, मी वाचलेला आणि तू न वाचलेली, ती अर्ध्या पुस्तकात राहत नाही.

म्हणूनच 'वाचलीच पाहिजेत अशी 100 पुस्तकं' या जातीच्या याद्यांवर माझा राग आहे. त्या यादीतली पुस्तकं वाईट असतात असं नाही, बहुतेक चांगलीच असतात. पण यादी कुणासाठीच नसते. शंभर पुस्तकं बघून नववीतल्या मुलाला आणि पन्नाशीत पुन्हा वाचायला लागलेल्या बाईला एकच गोष्ट कळते, आपण किती मागे आहोत. त्यापेक्षा शेजारणीने सांगितलेलं एक पुस्तक, तेही "मी सत्तराव्या पानावर आहे, पहिली वीस पानं जड गेली" अशा शब्दांत, माणसाला वाचायला बसवतं.

इथे खरेपणाचा प्रश्न येतो. "सध्या काय वाचताय?" असं चारचौघांत विचारलं की आपण अनेकदा जे वाचत असतो ते सांगत नाही, जे वाचत असायला हवं ते सांगतो. उशाशी रहस्यकथा असते आणि तोंडावर वैचारिक ग्रंथाचं नाव येतं. ही लाज आपल्याला शाळेनेच लावली. धड्याखाली तात्पर्य, पुस्तकाखाली 'या पुस्तकातून मला काय शिकायला मिळाले'. मुलाने चित्रकथा वाचली तर ती वाचनात धरायची नाही. आमच्या डब्यात पॅकिंगला जाणारी मैत्रीण पहिले तीन महिने नुसतं ऐकत होती. एक दिवस म्हणाली, "ताई, मी वाचते ते तुमच्यात चालेल का, माहीत नाही." पिशवीतून तिने ऊसतोड कामगारांवरची एक कादंबरी काढली. पानं सुटलेली, मधे बसचं तिकीट खूण म्हणून. तिचे आईवडील टोळीबरोबर कारखान्यावर जायचे. तिने आम्हाला कोयता, मोळी, कोप, मुकादमाची उचल हे सगळं समजावून सांगितलं, कारण त्याशिवाय ती कादंबरी आमच्यातल्या कुणाला कळलीच नसती. ठाण्याच्या नौपाडा भागातल्या माझ्या ओळखीच्या घरांत साधारण तीच वीस-पंचवीस पुस्तकं दिसतात. आम्ही एकमेकांना तीच सुचवत आलो. ही कादंबरी त्या वर्तुळातून माझ्यापर्यंत कधीच आली नसती. ती आली रबाळ्याला उतरणाऱ्या बाईकडून, कारण तिला कुणीतरी विचारलं होतं.

सुचवण्यात जोखीमही असते, आणि ती मी चुकून शिकले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे वडील गेले होते. मला वाटलं, आजारपण आणि मृत्यू यांवरचं एक फार सुंदर पुस्तक तिला आधार देईल. न विचारता तिच्या टेबलावर ठेवलं. पुढे चार महिने ती प्लॅटफॉर्मवर मला टाळत राहिली. एकदा धीर करून विचारलं, तेव्हा पुस्तक परत देत म्हणाली, "मला उघडताच आलं नाही गं, आणि तुला काय सांगू कळेना." न वाचलेलं उसनं पुस्तक माणसावर कर्जासारखं बसतं. तेव्हापासून मी आधी विचारते : हल्ली काय वाचतेस, काय वाचवत नाही, वेळ कधी मिळतो? डॉक्टर नाडी न बघता औषध देत नाहीत, इतकीच ही गोष्ट साधी आहे. आणि डब्यात आमचा एक नियम आहे, तीस पानांत नाही रमलं तर कारण न देता परत. या नियमामुळे परत आलेली पुस्तकं बरीच आहेत, पण कुणी कुणाला टाळत नाही.

आता ग्रंथालयांकडे वळते, कारण हा नुसता मैत्रिणींमधला मामला राहू नये असं मला मनापासून वाटतं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. रंगनाथन मुळात मद्रासला गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हे पहिलं. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, हे दुसरं. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे तिसरं. वाचकाचा वेळ वाचवा आणि ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे, ही उरलेली दोन. आपल्या बहुतेक चर्चा दुसऱ्या सूत्रावर थांबतात, वाचकाला पुस्तक मिळालं की नाही. तिसरं सूत्र उलट बाजूने बघतं. कपाटात बसलेलं पुस्तक त्याच्या वाचकाची वाट बघतं आहे आणि ती गाठ घालून देणं हे ग्रंथपालाचं काम आहे. म्हणून रंगनाथन कपाटं वाचकांना खुली ठेवा असं सांगत होते आणि वाचकाला मदत करणाऱ्या माणसावर भर देत होते. जवळजवळ शंभर वर्षं होत आली. तरी अजून कितीतरी ठिकाणी वाचक खिडकीशी उभा असतो, पुस्तकं आत असतात आणि मधे लाकडी काउंटर. एका ग्रंथालयात मी एका शाळकरी मुलीला "समुद्रावरचं काहीतरी आहे का?" असं विचारताना ऐकलं. उत्तर आलं, "पुस्तकाचा नंबर सांग." ती वळून निघून गेली. मी तिच्या मागे जायला हवं होतं, ते मी केलं नाही.

काउंटरमागच्या माणसाला दोष देऊन भागणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा आहे. त्याखाली राज्यात 11 हजारांच्या घरात शासनमान्य ग्रंथालयं आहेत. बहुतेक स्थानिक संस्था चालवतात आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड अशा दर्जांनुसार अनुदान देतं. दर्जा ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकं अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. त्या अनुदानात पुस्तकं, भाडं, वीज आणि पगार भागवायचे. कर्मचाऱ्याच्या हाती जे पडतं त्यात घर चालत नाही, म्हणून तो आणखी एखादं काम करतो. अशा माणसाकडून त्याने तीनशे वाचकांच्या आवडी लक्षात ठेवाव्यात ही अपेक्षा कशी करायची? मद्रासच्या 1948 च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय अधिभार होता. आपल्या कायद्यात तो नाही. माझ्या मालमत्ता कराच्या बिलात झाडांसाठी एक ओळ आहे, ती मी आनंदाने भरते. ग्रंथालयासाठी अशी ओळ आली आणि त्यातून वाचकाशी बोलणाऱ्या एका माणसाला पुरेसा पगार मिळाला, तर तीही भरीन. कर वाढवा असं म्हणणं लोकांना आवडत नाही, हे ठाऊक असून म्हणते आहे.

बिनखर्चाच्या गोष्टीही आहेत. कुठल्याही ग्रंथालयात संध्याकाळी जा आणि वाचक कुठे घुटमळतात ते पाहा. कपाटांपाशी कमी, काउंटरवर नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाशी जास्त. "हे आत्ताच आलं का? मग मलाच द्या." का? कारण त्या पुस्तकाला अजून कुणाच्या तरी हाताची ऊब आहे. कुणीतरी ते घरी नेण्याच्या लायकीचं मानलं, एवढी खात्री त्या ढिगात मिळते. तो ढीग रात्री निमूटपणे कपाटात लावला जातो. एक दिवस तो टेबलावर राहू द्या, 'या आठवड्यात गावाने वाचलेली' अशी पाटी लावून. तसंच पुस्तकामागच्या तारखांच्या कागदाचं. शेवटच्या पानावर डकवलेला तो कागद, त्यावर जांभळ्या शिक्क्यांच्या तारखा. 12 मार्च 1987. मग एकदम 4 नोव्हेंबर 1994. सात वर्षं हे पुस्तक कुणी उघडलं नव्हतं आणि मग कुणीतरी उघडलं, हे बघून मी एकदा एक प्रवासवर्णन घरी नेलं होतं. आता बारकोड आला, काम सोपं झालं, तो कागद गेला. वाचकांची नावं कुणाला दिसू नयेत हे बरोबरच आहे, ती खाजगी बाब आहे. पण तारखांना नाव नसतं. मागच्या वाचकाची तेवढी चाहूल पुस्तकात राहू द्यायला काय हरकत आहे?

"पुस्तकं अशी फिरवलीत तर विकत कोण घेणार?" असं काही लेखक-प्रकाशक विचारतात. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ब्रिटनमध्ये 1979 च्या कायद्याने ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांमागे लेखकाला थोडी रक्कम मिळते. आपल्याकडे तसं काही नाही, ते व्हायला हवं. पण आमच्या डब्यापुरतं सांगते. सगळ्याजणी मिळून वर्षाला वीस-बावीस पुस्तकं विकत घेतो आणि त्यातली अर्धी आधी उसनी वाचून मग घेतलेली असतात. खरं नुकसान होतं ते पीडीएफने. मी पुस्तक दिलं की ते माझ्याकडे उरत नाही, मला त्याची आठवण येते, ते परत यावंसं वाटतं. पीडीएफ पुढे ढकलली की ती दोघांकडे राहते आणि बहुधा दोघंही ती उघडत नाहीत. लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षांपर्यंत त्याच्या पुस्तकावर हक्क असतो, असं आपला कायदा सांगतो. हजार प्रतींच्या आवृत्तीवर जगणाऱ्या भाषेत जिवंत लेखकाचं पुस्तक असं फुकट वाटणं ही चोरी आहे, आणि त्याला 'वाचनप्रसार' म्हणणं मला सहन होत नाही.

पुस्तकं हरवतात, हेही खरंच. पुस्तक, स्त्री आणि पैसा दुसऱ्याच्या हाती गेला की गेलाच, असं एक जुनं सुभाषित आहे. पुस्तकाच्या आणि पैशाच्या ओळीत बाईला बसवणाऱ्यांचा सल्ला मी पुस्तकांच्या बाबतीतही मानणार नाही. तरी सांगते, माझंही गेलं आहे. आई वाचताना समासात पेन्सिलीने लिहायची, बहुतेक ठिकाणी एकच शब्द, 'खरंच?' तिच्यामागे अशी सहा पुस्तकं माझ्याकडे आली. त्यातलं एक मी जुन्या ऑफिसात एकीला दिलं. तिने नोकरी बदलली, फोन नंबर बदलला, पुस्तक गेलं. त्यानंतर दोन वर्षं मी कुणालाही काही दिलं नाही. कपाटाला कुलूप घातलं होतं. त्या दोन वर्षांत मी स्वतःही फारसं वाचलं नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. वाचलेलं सांगायला कुणी नव्हतं.

डब्यात पुस्तकं फिरायला लागली तेव्हा ताईंनी एक शंभर पानी वही आणली. रकाने पाच : पुस्तक, कोणाचं, कोणाकडे, कधीपासून, कुठपर्यंत. पहिले चार हरवू नये म्हणून. पाचवा नंतर आला, कारण पुस्तक परत मागायला संकोच वाटतो, 'कुठपर्यंत आलं' विचारायला वाटत नाही. त्या रकान्यात आम्ही पान क्रमांक लिहीत नाही. 'पावसात अडकलेत', 'अजून लग्न नाही', 'कंटाळा आलाय पण सोडत नाही', असं लिहितो. ही वही आल्यापासून आमचं एकही पुस्तक हरवलेलं नाही.

अशा जागा आपल्या रीतिभातींतही पडून आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होतं. वाण म्हणून पुस्तक द्यायची पद्धत आता रुळते आहे, पण बरेचदा एकाच पुस्तिकेच्या पंचवीस प्रती घेऊन वाटल्या जातात. त्यातल्या वीस तशाच राहतात. त्याऐवजी प्रत्येकीने आपल्या घरातलं, वाचलेलं किंवा वाचत असलेलं एक पुस्तक आणावं, दोन वाक्यं सांगावीत आणि वाण म्हणून ते लुटावं. मागच्या वर्षी आम्ही ठाण्यातच, चरईत एका मैत्रिणीकडे असं केलं. कुंकवाचा प्रश्न नसल्यामुळे तिच्या विधवा नणंदेला आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या बाईंनाही बोलावता आलं, आणि सर्वांत जास्त वेळ त्याच बोलल्या.

घोडबंदर रोडला माझी बहीण राहते. तिथल्या नव्या संकुलांच्या माहितीपत्रकांत पोहण्याचा तलाव, जिम, छोटं थिएटर, सगळं असतं. पाचशे-हजार कुटुंबं एका फाटकाच्या आत राहतात, म्हणजे एखाद्या गावाएवढी वस्ती. तिथे कोण काय वाचतं हे कुणालाच माहीत नसतं. तिच्या मजल्यावर समोरासमोरच्या दोन घरांत एकाच लेखकाची सगळी पुस्तकं आहेत, हे त्यांना सहा वर्षांनी कळलं, तेही एका घरी रंगकाम निघालं आणि पुस्तकं दाराबाहेर रचली म्हणून.

आमची सोसायटी जुनी, 48 घरांची. खालच्या मजल्यावर मीटर रूमच्या शेजारी एक खोली आहे, तिथे मोडक्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर असतं. मी अर्ज दिला आहे : एक कपाट, कुलूप नको, दोन खुर्च्या, एक ट्यूबलाइट आणि पाच रकान्यांची वही. सेक्रेटरींनी विचारलं, "पुस्तकं चोरीला गेली तर जबाबदारी कोणाची?" मी सांगितलं, पहिली वीस माझी ठेवते, त्यात आईची उरलेली पाचही असतील. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत तो आठवा विषय आहे, पार्किंगनंतरचा. सभा रविवारी सकाळी 11 वाजता गच्चीवर आहे.